एनएस१ पॉझिटिव्ह, पण सेरोटाइप लागत नाही

डेंग्यूच्या तपासणीत एनएस१ (रक्तात सापडणारं विषाणूचं प्रथिन) पॉझिटिव्ह असूनही आरटी-पीसीआर (विषाणूचा आरएनए शोधणारी चाचणी) निगेटिव्ह येतो आणि सेरोटाइप, म्हणजे विषाणूच्या चार प्रकारांपैकी कोणता, ते कळत नाही. याचा सगळा दोष अनेकदा किटला दिला जातो. आधी तापाचा दिवस बघा. विषाणूचा आरएनए रक्तात साधारण पहिले पाच दिवस सापडतो, एनएस१ त्यानंतरही रेंगाळू शकतं. मुंबईत माणूस बरेचदा दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढतो, मग फॅमिली डॉक्टर, मग वॉर्ड. फॉर्मवर नुसती दाखल झाल्याची तारीख असेल तर लॅबला काय कळणार? ताप कधी सुरू झाला ते लिहाच.

दुसरं, ट्यूब. हिरव्या झाकणाची हेपॅरिनची ट्यूब पीसीआरला चालत नाही, हेपॅरिन पीसीआरच्या एन्झाइमला अडवतं. सीरम किंवा ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमधला प्लाझ्मा वेगळा करून २ ते ८ अंशांत ठेवा. २४ तासांत चाचणी होणार नसेल तर उणे ७० अंशांत. छोटे भाग करूनच गोठवा, पुन्हापुन्हा वितळवलं की आरएनए तुटतो.

टायपिंग (सेरोटाइप ओळखणं) १९९२ च्या नेस्टेड, म्हणजे पीसीआरच्या दोन फेऱ्यांच्या पद्धतीने करत असाल तर जेलवर दिसणाऱ्या डीएनएच्या पट्टीची लांबी पहिल्या फेरीत ५११ बेसपेअर (डीएनएच्या लांबीचं एकक), दुसरीत डेंग्यू-१ ला ४८२, २ ला ११९, ३ ला २९०, ४ ला ३९२. यातली ११९ ची पट्टी फसवी, प्रायमर-डायमरच्या (प्रायमर एकमेकांना चिकटून बनणाऱ्या तुकड्याच्या) अगदी जवळ. फिकट दिसली तर निगेटिव्ह कंट्रोलच्या (विषाणू नसलेल्या नमुन्याच्या) शेजारी पुन्हा चालवा. जेलवर एकाच लेनमध्ये (एका नमुन्याच्या रांगेत) दोन पट्ट्या आल्या तर लगेच मिश्र संसर्ग (एकावेळी दोन सेरोटाइप) लिहू नका. पहिल्या फेरीची ट्यूब उघडताना उडालेला थेंबही हेच दाखवतो. मूळ सीरममधून आरएनए नव्याने काढून खात्री करा.