डिव्हाइस मॅनेजरपेक्षा हे सोपं पडेल
व्हिडिओ कॉल चालू असताना लहान मुलांनी लॅपटॉपच्या कळा दाबल्या तरी काही होऊ नये म्हणून काय करावं, या प्रश्नावर डिव्हाइस मॅनेजरमधून (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) कीबोर्ड डिसेबल, म्हणजे बंद करा, असं वर सुचवलंय. यूएसबी कीबोर्डला ते चालेलही, पण बऱ्याच लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डला तिथे डिसेबलचा पर्यायच मिळत नाही. अनइन्स्टॉल केला तर विंडोज रीस्टार्टनंतर तो परत बसवतं. त्यापेक्षा कीबोर्ड लॉक करणारं छोटं सॉफ्टवेअर बरं. मात्र कंट्रोल-आल्ट-डिलीट अशा सॉफ्टवेअरला अडवता येत नाही, ते थेट विंडोजकडे जातं. ही अडचण नाही, उलट आपली सुटकेची वाट आहे, आणि चिमुकल्या बोटांना त्या तीन कळा एकत्र दाबणं सहसा जमत नाही.

खरा धोका पॉवर बटणाचा, त्याबद्दल कुणीच लिहिलेलं नाही. आजीशी व्हिडिओ कॉल रंगात आला की आमच्या लेकीचं बोट नेमकं त्या दिव्याच्या बटणावर जातं आणि लॅपटॉप झोपतो. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सखाली पॉवर बटण दाबल्यावर काय व्हावं, हे ठरवता येतं. तिथे ‘डू नथिंग’ निवडा, बॅटरी आणि चार्जर दोन्ही रकान्यांत. बटण बराच वेळ दाबून धरलं तर मशीन तरीही बंद होतं, ते हार्डवेअरच्या हातात असतं.