भूजलाच्या प्रोजेक्टचा सिनॉप्सिस: विषय आवळायचा कसा?

भूगोल_एमए:
नमस्कार. एम.ए. भूगोल, दुसरं वर्ष. गाव रावेर तालुक्यात. ‘जळगाव जिल्ह्यातील भूजलाचा अभ्यास’ असा सिनॉप्सिस दिला होता. मॅडमनी “आवाक्यात आण” म्हणून परत केला. हातात नोव्हेंबर ते मे एवढेच महिने आहेत. कुठून सुरुवात करू?

पायथ्याचे_सर:
ताई, जिल्हा सोडा, दोन शिवारं धरा. तीही एकाच पट्ट्यातली. सातपुड्याच्या पायथ्याशी बजाडा, म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या गोटे-वाळूचा पट्टा, खाली तापीकडे गाळाची जमीन. दोन्हीकडच्या विहिरींची सरासरी काढली तर हाती काही लागत नाही. एका शिवारात केळी जास्त हवी, दुसऱ्यात कापूस. मग प्रश्न सरळ उभा राहतो: केळीच्या शिवारात फेब्रुवारी ते मे पाणी जास्त उतरतं का? हाच प्रश्न सिनॉप्सिसच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवा. प्रस्तावनेत पाण्याचं महत्त्व सांगत बसू नका, ते मॅडमना माहीत आहे.

खरा जीव पद्धतीत ओता. विहिरीतल्या पाण्याची मोजणी मोटार सुरू व्हायच्या आधी. शेतीपंपांना रात्रीची लाईट असलेल्या आठवड्यात सकाळी विहीर उपसलेली असते, त्या आकड्याला पातळी म्हणता येत नाही. कठड्याची उंची वजा करायची. केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) वेगळी नोंदवायची. आणि बागायती कापसाची लागवड मे अखेरीला सुरू होते, मोटारी तिकडेही चालू होतात. शेवटची मोजणी त्याआधी उरका. एवढं लिहिलंत की वेळापत्रक आपोआप तयार होतं.

तापीकाठ:
भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर जवळपास असेल तर जळगावच्या कार्यालयात लेखी अर्ज करून जुन्या नोंदी मागा. कॉलेजचं पत्र सोबत जोडा.

भूगोल_एमए:
सर, आमच्याकडे बऱ्याच विहिरी कोरड्या आहेत, सगळे ट्यूबवेलवर. तिथे टेप कुठे उतरणार?

पायथ्याचे_सर:
मग मोटार किती खोल सोडली आहे ते विचारा. मोटार पाइप जोडून खाली सोडतात आणि शेतकऱ्याला ते पाइप तोंडपाठ असतात: लावताना किती होते, नंतर किती वाढवले, कोणत्या साली. एका पाइपची लांबीही विचारून घ्या, म्हणजे खोली काढता येईल. ही पाण्याची पातळी नव्हे, मोटारीची खोली आहे, हे सिनॉप्सिसमध्ये मर्यादा म्हणून स्पष्ट लिहा. कोरड्या विहिरी मात्र वगळू नका. कोणती कधी आटली हे मालकाकडून लिहून घ्या, त्याचा वेगळा तक्ता होईल.

भूगोल_एमए:
शिवारं ठरवते आणि नवा मसुदा रविवारी इथेच टाकते.