अकरावीत ॲरिस्टॉटल वाचू का? तोच नको म्हणतोय!

अकरावी_सायन्स: ताईच्या कपाटात प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलच्या 'निकोमाखियन एथिक्स'चं इंग्रजी भाषांतर सापडलं. सद्गुण म्हणजे काय, तो अंगी कसा येतो, असा विषय. दहा भाग आहेत. पहिल्याच भागात महाशय म्हणतात, तरुण माणूस हा विषय ऐकायला योग्य नाही. त्याला जगण्याचा अनुभव नसतो आणि तो भावनांच्या मागे धावतो. घ्या! मी सोळा वर्षांचा. ठेवून देऊ? क्लासमुळे रोज अर्धाच तास मिळतो.

निवृत्त_मास्तर: बाळा, पुढचं वाक्य वाचलंस का? वयाने लहान असो की स्वभावाने, फरक नाही, असं तो लगेच म्हणतो. दुसऱ्या भागापासून सुरू कर. घरं बांधून माणूस गवंडी होतो, न्याय्य वागून न्यायी. लहानपणी कोणती सवय लागते त्यावर सगळं अवलंबून, हेही तिथेच आहे. सहावा भाग सध्या नको. पोरं भूमितीत तरबेज होतात पण व्यवहारात शहाणी नसतात, असा टोमणा तिथे पुन्हा बसेल!

तालमीतला: दुसऱ्या भागात मायलो पैलवान येतोय, तो चुकवू नका. दहा मापं खुराक जास्त आणि दोन कमी, म्हणून वस्ताद सगळ्यांना सहा देत नाही. मायलोला सहा कमी, नवख्याला जास्त. सद्गुण अति आणि कमी यांच्या मधला, पण हा सुवर्णमध्य म्हणजे बेरीज करून दोनाने भागणं नव्हे. आमच्याकडं हे बदाम मोजताना कळतं.

रविवारचा_वाचक: मी ॲरिस्टॉटलच्या गुरूचा, प्लेटोचा 'लॅकीझ' हा संवाद आधी वाचला. छोटा आहे. पोरांना शस्त्रविद्या शिकवावी का, यावर दोन सेनापतींचं जुळत नाही. सॉक्रेटिस विचारतो, शौर्य म्हणजे काय? शेवटपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. सेनापतींनासुद्धा!

अकरावी_सायन्स: दुसरा भाग संपला. परवा प्रॅक्टिकलला मित्राने लंबकाची रीडिंग्ज मागितली, मी दिली. दोघांच्या जर्नलवर सह्या झाल्या. रात्री वाटलं, हा उदारपणा होता की 'नाही' म्हणायची भीती? ॲरिस्टॉटल म्हणतो, आपण जिकडे कलतो त्याच्या उलट स्वतःला ओढायचं, वाकलेलं लाकूड सरळ करतात तसं. म्हणजे पुढच्या वेळी नकार द्यायचा? पण वर्गात माझ्यासोबत डबा खाणारा तो एकटाच आहे.

निवृत्त_मास्तर: मग आठवा भाग आजच काढ. उपयोगाची मैत्री, मजेची मैत्री आणि चांगुलपणाची मैत्री. तुमची कोणती ते वाचून सांग.