करोजन घासून काढल्यावर उरलेलं आयुष्य: हिशेबावर विसंबायचं का?

पेचकस:
विमानाच्या सांगाड्यात करोजन, म्हणजे धातूचा गंज, सापडलं की रीत ठरलेली. घासून काढा, उरलेली जाडी मोजा. रिपेअर मॅन्युअलच्या मर्यादेत बसलं तर अलोडाईन (गंज रोखणारा रासायनिक थर), प्राइमर, रंग आणि विमान हँगरबाहेर. मर्यादा केसभर ओलांडली की डबलर (वरून रिवेटने ठोकलेलं धातूचं ठिगळ) लावा, नाहीतर पार्टच बदला. मला हे पटत नाही. स्किन, म्हणजे विमानाचा बाहेरचा पत्रा, १० टक्के पातळ झाली तर तिथला ताण साधारण ११ टक्के वाढतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंत तडा वाढण्याचा वेग ताणाच्या तिसऱ्या-चौथ्या घातात वाढतो, म्हणजे तडा वाढायला लागणारा काळ ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश घटेल. घटू दे की! मुळात तिथे ताण किती होता ते बघा, पुढची तपासणी अलीकडे आणा आणि उडू द्या. धडधाकट स्किनमध्ये रिवेटसाठी नवी भोकं कशाला पाडायची?

हँगरवाला:
साहेब, गणित बरोबर आहे, पण खाली निखळ धातू उरलाय असं धरून केलंय. गॅलीखालचा (विमानातल्या स्वयंपाकघराखालचा) फ्लोअर बीम एकदा उघडून बघा. चहा-कॉफी, बर्फाचं पाणी, सगळं वर्षानुवर्षं झिरपलेलं. वरून नुसता रंग फुगलेला दिसतो. खरवडला की पांढरी पावडर, आणि तिच्याखाली धातूचे पापुद्रे सुटलेले. डिस्क फिरवली की चकाचक. गोम इथेच आहे. घासताना मऊ ॲल्युमिनियम ओढलं जाऊन बारीक फटींची तोंडं लिंपली जातात. एचिंग (रसायनाने वरचा थर खाऊन काढणं) न करता डाय पेनिट्रंट (फटीत शिरून ती दाखवणारा रंगीत द्रव) मारलं तर ते आत शिरतच नाही, आणि रिपोर्टवर 'दोष नाही' असा शेरा पडतो. तुमच्या आयुष्य काढणाऱ्या प्रोग्रॅमला सुरुवातीचा तडा केवढा द्यायचा, तेवढं सांगा.

भोचक_भवानी:
त्यालाही उत्तर आहे. ऑस्ट्रेलियाने एफ-१११ लढाऊ विमानं २०१० पर्यंत उडवली. त्यांच्या डी६एसी पोलादातल्या करोजनच्या खड्ड्यांवर मेलबर्नच्या संरक्षण संशोधकांनी काम केलं. मुद्दाम खड्डे पाडलेले नमुने तुटेपर्यंत पुन्हा पुन्हा ताणायचे, तुटलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि उलटा हिशेब करायचा, की एवढ्याच आयुष्यात तुटायला सुरुवातीला केवढा तडा असायला हवा होता. तो 'समतुल्य तडा' धरून पुढचं आयुष्य काढायचं. एकच आकडा मिळत नाही, विखुरलेले आकडे मिळतात. मग त्यातल्या वाईटातल्या वाईटावर चाला.

हँगरवाला:
प्रयोगशाळेत पाडलेला खड्डा आणि माझ्या हाताखालच्या पोराने डिस्कने घासलेला बीम, यांचे विखुरलेले आकडे सारखेच येतील हे कशावरून?

खारा_वारा:
आणि एकच तडा असेल हे तरी कुणी सांगितलं? अलोहा एअरलाइन्सचं ७३७ आठवा. २८ एप्रिल १९८८, हिलोहून होनोलुलूला जाताना २४,००० फुटांवर पुढच्या छताचा सुमारे १८ फूट भाग उडून गेला. एका हवाई सेविकेचा जीव गेला. विमानाची ८९,६८० उड्डाणं झाली होती, बेटाबेटांतल्या छोट्या फेऱ्या आणि भोवती खारी हवा. लॅप जॉइंटचं (एकावर एक चढवून जोडलेल्या पत्र्यांच्या सांध्याचं) चिकटवण सुटलं, आत करोजन झालं, भार रिवेटांवर आला आणि भोकाभोकातून बारीक तडे निघून एकमेकांना मिळाले. एकेकट्या तड्याचं आयुष्य काढून हे कळलं असतं का? (चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ तडा दिसला होता. त्या कुणाला बोलल्या नाहीत.) जॉइंटच्या आतलं करोजन मूळ धातूच्या सहापटीहून जास्त जागा घेतं, स्किन उशीसारखी फुगते. हा ताण तुमच्या हिशेबात कुठाय?

पेचकस:
लॅप जॉइंटच्या आत घासायला जाताच येत नाही, तिथे हिशेब करा असं मी म्हणतच नाहीये. मी उघड्या, मोजता येणाऱ्या जागेबद्दल बोलतोय. आणि डबलर लावला म्हणजे निर्धास्त, हा समज तर त्याहून वाईट. चायना एअरलाइन्सच्या ७४७ची शेपूट १९८० साली हाँगकाँगला धावपट्टीवर घासली. ओरखडे पुरते न काढताच वर डबलर ठोकला. त्याखाली तडे वाढत राहिले, बाहेरून दिसायची सोयच नव्हती. २५ मे २००२ रोजी विमान हवेतच तुटलं, २२५ माणसं गेली. उघडी, घासलेली जागा निदान दर वेळी तपासता तरी येते.

हँगरवाला:
तिथे दुरुस्ती पुस्तकाप्रमाणे झालीच नव्हती, त्यात डबलरचा काय दोष? मर्यादेबाहेरची जागा तशीच सोडायला माझी हरकत नाही. अट एवढीच, की एचिंगनंतरचा एडी करंट (विजेच्या प्रवाहाने तडे शोधणारी तपासणी) रिपोर्ट हवा, पूर्ण जागेच्या जाडीचा नकाशा हवा, आणि हिशेबावर सही करणाऱ्याने आधी ती जागा डोळ्यांनी बघितलेली हवी. फोटोवर नाही.

पेचकस:
मान्य. मर्यादेबाहेरच्या दुरुस्तीला मान्यताप्राप्त डिझाइनवाल्यांची मंजुरी तशीही लागतेच. पुढची तपासणी मी काढलेल्या आयुष्याच्या एक तृतीयांशावर लावीन, सायकल (एक उड्डाण म्हणजे एक सायकल) मोजून.

हँगरवाला:
गॅलीखाली सायकल मोजून चालणार नाही, तारीख घाला. विमान उभं असलं तरी करोजन चालूच असतं.