मदत हवी आहे: आबांना अल्झायमर, 'इम्युनिटी'ची पावडर द्यावी का?

राम राम मंडळी. माझे सासरे, वय ७६, अल्झायमरचं निदान झालंय. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर वर्षानुवर्षं जाणारा माणूस आता तिथनं घरची वाट चुकतो. परवा चष्मा फ्रीजमध्ये सापडला, कोथिंबिरीच्या डब्यात. त्यात एक पाहुणे "प्रतिकारशक्ती वाढली की मेंदू आपोआप सुधारतोय" म्हणत महागडी पावडर गळ्यात मारायला बसलेत.

मी जेवढं वाचलंय त्यात हे काही बसत नाही. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या रोगप्रतिकारक पेशी असतात. ह्या आजारात मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्यांभोवती त्या गोळा होतात, जमेल तेवढं गिळतात. २०१३ मध्ये ट्रेम-२ जनुकातला एक बदल सापडला. त्यानं हे काम ढिलं पडतं आणि आजाराचा धोका वाढतो. पण ह्याच पेशी सतत भडकलेल्या राहिल्या तर दाह वाढतो, चेतापेशींमधले चांगले जोडही त्या खाऊन टाकतात. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणा की! मग नुसता जोर वाढवून काय साधणार? आणि दाह उतरवणाऱ्या नॅप्रोक्सेन, सेलेकॉक्सिबचाही चाचणीत फायदा दिसला नाही, त्यामुळं घरातल्या गोळ्यांवर प्रयोग नकोच.

कुणी न्यूरोलॉजीतले असतील तर सांगा, माझं समजणं बरोबर आहे का? अशा पावडरीचा आधीच्या औषधांशी घोळ होतो का? आणि कोल्हापुरात किंवा मिरजेकडं अशा रुग्णांच्या घरच्यांचा एखादा गट आहे का? पाहुण्यांना काय उत्तर द्यायचं तेही सुचवा, शनिवारी परत येणारेत.