सातबाऱ्यावर चौदा नावं आणि त्यात माझी वाट

तांबडीमाती

मी राजापूर तालुक्यातली. दापोलीला कृषी पदवी घेतली, मग पुण्यात सहा वर्षं एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत होते. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि मी परत आले. आईसाठी आले असं सगळ्यांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. मला काजूवर काम करायचं होतं आणि ते पुण्यात बसून होत नाही.

आमच्या पंचक्रोशीतली बी मार्च ते मे या तीन महिन्यांत पोत्यांनी भरून बाहेर जाते. वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 ची कलमं बाबांनी स्वतः लावली होती. त्याच झाडांची बी आम्ही व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर, तो म्हणेल त्या भावाला घालतो आणि दिवाळीला दुकानातून गर विकत आणतो. लहानपणापासून हे बघत आले आहे आणि दर वर्षी जीव जळतो.

घरामागे गुरांचा वाडा आहे. गुरं कधीच गेली. चिऱ्याच्या भिंती, पत्रा, शेजारी विहीर, वीज आहे. बॉयलर, कटर, ड्रायर एवढं तिथे सहज बसतं. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त 10 लाख, पण ते कर्जाला जोडलेलं. बँकेत गेले तर म्हणाले, जागेचा सातबारा आणि सगळ्या सहहिस्सेदारांची संमती आणा.

सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत. त्यातले पाच जण हयात नाहीत आणि तिघांच्या वारसांची नोंदच झालेली नाही. एक कुटुंब बडोद्याला आहे, त्यांना मी एकदाच पाहिलंय, कुणाच्या तरी बाराव्याला. बाकीचे डोंबिवली, विरार, परळ. पैकी मोठे काका संमती द्यायला तयार आहेत, पण एका अटीवर. बाबांच्या हिश्शातला माझा वाटा मी धाकट्या भावाच्या नावे सोडायचा, हक्कसोडपत्र नोंदवायचं, मग वाड्यात काय हवं ते करायचं. त्यांचे शब्द होते, "चेडवाक जमीन कित्याक? फाल्या लगीन करून जातला." (मुलीला जमीन कशाला? उद्या लग्न करून जाईल.) भाऊ ठाण्याला नोकरी करतो. तो म्हणतो, "ताई, करून टाक सही, मी तुला कधी नाही म्हणणार आहे का?"

आपली वाट आपण निवडावी, हिंमत लागते, असं सगळे सांगतात. हिंमत झाली. पगार सोडला, गावात "नोकरी गेली असेल" हे ऐकलं, आलेली दोन स्थळं "मुलगी गावाला राहते" म्हणून परत गेली, तेही सोसलं. आता अडलंय ते हिमतीपाशी नाही, चौदा जणांच्या संमतीपाशी. वाट धरायची की इतरांच्या सहीची वाट बघायची? मला खरंच मतं हवी आहेत, विरोधातलीसुद्धा.

चाकरमानी

विरोधातलं मत हवंय म्हणालात म्हणून लिहितो. मी तुमच्या काकांच्या वयाचा, 68 वर्षांचा.

दहावी झाली आणि मामाने बोटीत बसवलं. भाऊच्या धक्क्याला उतरलो तेव्हा तुझी वाट कुठली, असं मला कुणी विचारलं नव्हतं. गिरणीत बदली कामगार होतो. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्यानंतर मी गिरणीत पुन्हा कामाला गेलो नाही. वॉचमन झालो, छापखान्यात कागद उचलले. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण. त्यातूनही दर महिन्याला मनीऑर्डर गेली. गावचं मातीचं घर चिऱ्याचं झालं ते त्या पैशांतून. भाऊ गावात राहिला, त्याने घर राखलं, हे मी विसरत नाही. पण गावात राहिला त्याचंच घर, असं कुणी म्हणालं की पोटात तुटतं.

तुम्ही लिहिता वाडा रिकामा आहे. रिकामा आहे, पण मालकाविना नाही. तुमच्या धंद्यासाठी तो कर्जात गुंतला आणि धंदा बसला तर बँकेची नोटीस चौदा जणांच्या घरावर लागेल. काकांना धंद्यातलं कळत नसेल, जप्ती म्हणजे काय ते कळतं. मुंबईत आमच्या नावावर काही राहिलं नाही. सातबाऱ्यावरची ती एक ओळ, एवढंच आमचं कोकण.

हक्कसोड मागितली त्यात वाईट हेतूच असेल असं नाही. हिस्से वाढत गेले की पुढच्या पिढीला उभं राहायला जागा उरत नाही.

भरती

काका, तुमच्या कष्टांबद्दल दुमत नाही. पण हिस्से वाढतात ही भीती मुलगी समोर आली की आठवते. भावाला तीन मुलगे झाले तेव्हा हिस्से वाढत नाहीत का?

कायद्याचं सांगते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरता. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो सगळ्या मुलींना मिळाला. 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माने आहे, 2005 मध्ये वडील हयात असायला हवेत अशी अटही नाही. आणि वडिलांचा स्वतःचा हिस्सा त्यांच्यामागे आई, मुलगी आणि मुलगा यांना सारखा येतो. त्यामुळे तांबडीमाती तिच्या काकांकडे काही मागत नाही. त्या सातबाऱ्यावर ती आधीच आहे.

ताई, हक्कसोडपत्र नोंदवलंत की ते परत फिरवणं फार अवघड जातं. भाऊ आज चांगला आहे. उद्या त्याच्यावर कर्ज झालं, त्याचं बरंवाईट झालं, तर त्या वाड्यात तुम्ही कोण?

दोनघरची

मी केली आहे हक्कसोड. 2011 मध्ये, गुहागरला, भावासाठी, राजीखुशीने. पश्चात्ताप नाही. आजही गणपतीला, शिमग्याला मी हक्काने जाते, वहिनी ओटी भरल्याशिवाय सोडत नाही. कोर्टात गेलेल्या माझ्या मावशीला जमीन मिळाली, पण वीस वर्षं तिने माहेरच्या अंगणात पाय ठेवलेला नाही. तिच्या आईच्या शेवटच्या दिवसांतही तिला निरोप उशिरा गेला.

भरती, तुम्ही कायदा आणि तारखा बरोबर सांगितल्या. मावशीलाही वकिलाने असंच सांगितलं होतं. स्वतःची वाट म्हणजे एकटीची वाट, हे मला पटत नाही. सही करून माणसं राहत असतील तर तो तोट्याचा व्यवहार नाही.

भरती

जे दार सहीनंतरच उघडं राहतं त्याला मी माहेर म्हणणार नाही. तुमच्या वहिनीने प्रेमाने ओटी भरली असेल, मी ते नाकारत नाही. पण सही केली नसतीत तरी भरली असती का, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

दोनघरची

नाही कळणार. आणि मला ते कळून घ्यायचंही नाही. माझ्या आईला म्हातारपणी मुलांची भांडणं बघावी लागली नाहीत, मला तेवढं पुरतं.

हर्णैबंदर

एक उदाहरण आमच्या बाजूचं. धोंडो केशव कर्वे मूळ मुरुडचे. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि तिथे वय कमी दिसतं म्हणून बसू दिलं नाही. 1893 मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा त्याच मुरुडने बहिष्कार घातला. त्यांनी सर्वांच्या संमतीची वाट बघितली असती तर 1896 चा आश्रम झाला नसता, 1916 चं महिला विद्यापीठही नाही. 1958 मध्ये भारतरत्न मिळालं. कोकणात वेगळी वाट धरणाऱ्याला आधी वाळीतच टाकतात. ताईंनी सरळ दावा लावावा.

चाकरमानी

अण्णांचं नाव आलं म्हणून मान खाली घालतो, पण उदाहरण लागू नाही. त्यांची नोकरी पुण्यात फर्ग्युसनमध्ये होती. त्या बहिष्काराची झळ मुरुडात राहणाऱ्या आई-भावाला जास्त बसली. या मुलीला त्याच वाडीत राहायचंय, त्याच पाणंदीने बी आणायची आहे, त्याच बायका कामाला बोलवायच्या आहेत. दावा लावून घरी परत येता येतं. वाडीत परत येणं कठीण.

कलमवाला

नर्सरी आहे माझी, लांज्याजवळ. काजू युनिटं उभी राहिलेली आणि बंद पडलेली, दोन्ही जवळून पाहिली आहेत. मोठ्या लोकांचं बोलणं झालं, आता धंद्याचं बोलतो.

ताई, तुमचं युनिट वाड्यावाचून अडणार नाही. ते बी भरायला पैसे नाहीत म्हणून अडेल. हिशोब घाला. दिवसाला 40 किलो बी फोडायची, वर्षाला 250 दिवस काम, म्हणजे 10 टन बी. भाव 120 धरला तर 12 लाख रुपये. आणि ही सगळी बी तीन महिन्यांत घ्यायची, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून पोत्यात भरायची, पावसाळ्यात ओल लागू न देता ठेवायची. तिचा गर निघणार साधारण चौथा हिस्सा, अडीच टन. त्यातला किती अख्खा निघतो आणि किती पाकळी-तुकडा होतो यावर नफा. नवीन हात असले की तुकडा जास्त. अनुदान मुख्यतः यंत्रांवर आहे, बी भरायला नाही. यंत्रं अनुदानात घेतली, बी संपली आणि ऑगस्टपासून कुलूप, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं.

म्हणून पहिलं वर्ष भाड्याचा गाळा घ्या. नोंदणीकृत भाडेकरार करा, त्यावरही प्रस्ताव होतो. सूक्ष्म उद्योगाला निदान 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो शाखेत नम्रपणे पण लेखी विचारा. सुरुवातीला दुसऱ्यांची बी मजुरीवर फोडून द्या, भांडवल कमी लागतं आणि हात बसतो. टरफलाचं तेल हाताची कातडी सोलतं, बायकांना हातमोजे पहिल्या दिवसापासून द्या, नाहीतर पंधरा दिवसांत कोणी येणार नाही.

आणि हक्कसोडपत्रावर सही करू नका. त्याचा काजूशी काही संबंध नाही. काकांनी दोन वेगळ्या गोष्टी एका गाठीत बांधल्या आहेत, ती गाठ आधी सोडवा.

भरती

हे मान्य. फक्त एक भर घालते. वारस नोंदीचं काम आजच सुरू करा, त्याला कोणाशी भांडावं लागत नाही. ते झाल्यावर सगळे राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटणी होते. राजी नसतील तर मात्र दिवाणी न्यायालय.

तांबडीमाती

सगळं दोनदा वाचलं. रात्री आईलाही वाचून दाखवलं.

चाकरमानी काका, तुमचं पहिलं उत्तर वाचताना मी चिडले होते. मग आईने सांगितलं की या घराचा सोपा मोठ्या काकांच्या बोनसमधून बांधला गेला. हे मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. जप्तीची भीतीही मी कधी त्यांच्या बाजूने मोजली नव्हती. मी फक्त "सही देत नाहीत" एवढंच धरून बसले होते. पण हिस्से वाढतात हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. बाबा आजारी असताना त्यांच्या उशाशी बसून रात्र काढणारी मी, वेंगुर्ल्याहून कलमं आणताना त्यांच्या मागे स्कूटरवर बसलेली मी. हिश्शाचा विषय निघाला की मी उद्या जाणारी होते. लग्न होईल, न होईल. झालं तरी ही झाडं मी केलेल्या आळ्यात उभी आहेत.

दोनघरची, तुमच्या मावशीची गोष्ट मनातून जात नाही. आईच्या चेहऱ्यावर तीच भीती आहे. काल म्हणाली, "सही कर गो, पण भांडण नको." तिला नाही म्हणताना माझा आवाज कापला. तरी नाही म्हणाले.

कलमवाल्यांचा हिशोब माझ्या हिशोबापेक्षा खरा आहे. मी पाच टन धरले होते आणि बी भरायची रक्कम कमी. हातिवल्याच्या बाजूला एक गाळा आहे, भाडं परवडेल. येत्या हंगामात मजुरीवर फोडायला सुरुवात करते, बाबांच्या झाडांची बी मात्र माझी मी फोडणार. वारस नोंदीचा अर्ज लिहून ठेवलाय.

दावा लावणार नाही. हक्कसोडही करणार नाही. गणपतीत सगळे घरी येतात, बडोद्याचेसुद्धा या वेळी येणार आहेत म्हणे. आरतीनंतर ओटीवर बसून कर्जाचा कागद, गाळ्याचा करार, सगळं त्यांच्यासमोर ठेवीन. वाडा मागणार नाही. फक्त माझं नाव तिथेच राहील एवढं सांगेन.

चाकरमानी

हिश्शांबद्दल माझं मत बदललेलं नाही, खोटं लिहीत नाही. पण एक सुचवतो. सगळ्यांसमोर ओटीवर विषय काढू नका. चार माणसांत मोठा माणूस मागे हटत नाही. काका आले की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना एकट्याला बागेत न्या. कुठलं कलम कधी लावलं ते त्यांना दाखवा. ते बहुतेक पहिल्यांदाच बघतील.

माझ्याही गावच्या घरी एक पुतणी आहे. तिने मला कधी काही विचारलं नाही. या वर्षी मीच विचारणार आहे.

दोनघरची

मला अजूनही सही केलेली बरी वाटते. पण गाळा सुरू झाला की कळवा. पहिला दोन किलो गर माझा, अख्खा, 320 नंबरच्या प्रतीचा. पैसे आधी पाठवते.