विषय: मागच्या अंगणात स्विमिंग पूल – अनुभव कळवाल का?

नमस्कार मंडळी,

उन्हाळ्याआधी मागच्या अंगणात पूल करून घ्यायचं आम्ही जवळजवळ ठरवलंय. थोरला आठ वर्षांचा, धाकटी तीनची. मोकळी जागा ९ बाय ५ मीटर आहे, पूल ८ बाय ४ चा मनात आहे. फायबरग्लासचा घ्यावा की काँक्रीटचा, यावर आमचं घोडं अडलंय. ज्यांच्याकडे पूल आहे त्यांनी कृपया कळवा.

*

उत्तर: मागच्या अंगणात स्विमिंग पूल

ताई, फायबरग्लास की काँक्रीट हे थोडं बाजूला ठेवा. आधी कुंपण कुठून जाणार ते कागदावर काढा आणि उरलेल्या जागेत पूल केवढा बसतो ते बघा. धाकटी तीनची आहे म्हणून हेच पहिलं सांगतोय.

आम्ही तीन बाजूंनी कुंपण घातलं आणि चौथी बाजू घराची भिंत धरली. त्या भिंतीत सरकतं दार होतं. एका दुपारी मी फोनवर असताना लेक ते दार सरकवून बाहेर गेली. मला दिसली तेव्हा ती काठावर पालथी झोपून तरंगत्या चेंडूकडे हात लांबवत होती. दचकून पडेल म्हणून हाकसुद्धा मारली नाही, धावत जाऊन मागून उचललं. पुढच्याच आठवड्यात चौथी बाजू बंद केली.

बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली गेलं की आवाज निघतच नाही, आणि मिनिटभरात होत्याचं नव्हतं होऊ शकतं. म्हणून कुंपण चारही बाजूंनी, निदान १.२ मीटर उंच हवं आणि गजांमधली फट १० सेंटीमीटरहून कमी हवी. फाटक पूलपासून बाहेरच्या बाजूला उघडणारं, आपोआप मिटणारं, कडी आपोआप बसणारं घ्या. तुमच्या गावचे नियम याहून कडक असतील तर ते पाळा. कुंपणाला टेकून खुर्ची किंवा कुंडी नको. पोहणं झालं की खेळणी पाण्यातून बाहेर काढायची. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं पाणी दिसतं का, तेही उभं राहून बघा.

आता खोदकाम. ८ बाय ४ चा पूल सरासरी १.४ मीटर खोल धरला तरी ४५ घनमीटर माती निघते, आणि उकरलेली माती फुगते ती वेगळीच. ती न्यायची कुठे, आणि घराच्या बाजूच्या बोळातून यंत्र आत जाईल का? फायबरग्लासचं टाकं अखंड येतं. वाट अरुंद असेल तर ते क्रेनने घरावरून आत सोडावं लागतं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या बोळातच आहे. गॅस, वीज, सांडपाणी यांच्या जमिनीखालच्या लाइनी खोदण्याआधी आखून घ्या.

भूजल वर असेल तर ठेकेदाराला त्याबद्दल स्पष्ट विचारा. ओल्या जमिनीत पूल रिकामा केला तर खालून पाण्याचा दाब येतो आणि अख्खं टाकं होडीसारखं वर उचललं जातं. साफसफाईसाठी हौसेने पूल उपसू नका.

*

उत्तर: मागच्या अंगणात स्विमिंग पूल

दादांचं कुंपणाचं म्हणणं शंभर टक्के खरं. मी रोजच्या देखभालीचं लिहिते.

मिठाचा पूल घेतला की क्लोरीनची कटकट संपते, असं ताईंना कोणीतरी सांगेलच. तसं नाही. ते यंत्र मिठापासून क्लोरीनच तयार करतं. पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) ७.२ ते ७.८ मध्ये राखणं आणि क्लोरीन तपासणं चुकत नाही. अॅसिड आणि क्लोरीन एकमेकांजवळ ठेवू नका, एकाच भांड्यात तर कधीच घालू नका, विषारी वायू निघतो.

कडक उन्हात, वाऱ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी सहज उडतं. तुमच्या मापाच्या पूलमध्ये ते १६० लिटर होतं. पातळी त्याहून वेगाने उतरतेय असं वाटलं तर बादली वापरा. पूलचंच पाणी भरून ती पहिल्या पायरीवर ठेवायची, आत-बाहेर पातळी सारखी करून दोन्हीकडे खूण करायची, पंप बंद ठेवायचा. दुसऱ्या दिवशी बाहेरची पातळी जास्त उतरली असेल तर गळती आहे. आम्हाला पाइपची फट अशीच कळली.

आच्छादन घातलं की पाणी कमी उडतं. पण ते फुगे-फुग्यांचं पातळ आच्छादन मुलाचा भार पेलत नाही, उलट मूल त्याखाली अडकतं. त्याला सुरक्षा समजू नका. पंप मात्र वेग बदलता येणारा घ्या. वेग निम्मा केला की वीज निम्म्याहूनही कितीतरी कमी लागते.

*

उत्तर: मागच्या अंगणात स्विमिंग पूल

दादा, ताई, मनापासून आभार. काल चुना टाकून अंगणात आखलं. कुंपणाच्या आत चारही बाजूंना १ मीटर वाट सोडली तर पूल ७ बाय ३ चा होतो. आम्हाला तेवढा पुष्कळ आहे. बोळ फक्त सव्वा मीटरचा निघाला, तेव्हा यंत्राचं आधी विचारून घेणार.

थोरल्याला आखलेल्या जागेत फिरवलं आणि मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहिले. उथळ टोकाला गेला की तो शेडच्या मागे दिसेनासा होत होता, आणि धाकटी तर तिथेच खेळणार. उथळ भाग दुसऱ्या टोकाला घेऊन आराखडा पुन्हा काढायला सांगितलाय.